उतरंडीची सवय: पितृसत्ता आणि पर्यावरणाची हानी

पितृसत्तेची चर्चा बहुधा कायदे, मालमत्ता आणि वारसाहक्क यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु कायदे बदलल्यानंतरही ही व्यवस्था माणसांच्या मनात कशी टिकून राहते, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे आणि त्याचा माग काढता काढता संशोधक थेट पर्यावरणाच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ जिम सिडॅनियस आणि फेलिशिया प्रॅटो यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली मांडली. समाजात काही गट वर आणि काही खाली असणे योग्यच आहे, असे एखाद्याला किती मनापासून वाटते, याचे मोजमाप ती करते. या प्रवृत्तीला सामाजिक वर्चस्वाभिमुखता म्हणतात. तिचे प्रमाण पुरुषांमध्ये सरासरीने अधिक आढळते आणि ज्यांच्यात ते अधिक असते त्यांच्यात स्त्रियांविषयीचे पूर्वग्रहही अधिक आढळतात. पुढे टॅसिआनो मिल्फाँट आणि इतरांनी दाखवून दिले, की हीच माणसे पर्यावरणाच्या रक्षणाविषयी उदासीन असतात आणि निसर्ग हा माणसाने वापरून घेण्यासाठीच आहे, हे मत त्यांना चटकन पटते. हा सांख्यिकीय संबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, हे खरे. तरीही वरच्याने खालच्याला वापरावे ही समजूत एकदा अंगवळणी पडली, की तिची उतरंड माणसांपाशीच थांबेल आणि जंगले, नद्या, प्राणी यांना वगळेल, असे मानायला फारसा आधार नाही.

ही समजूत जन्मजात नाही. ज्या समाजांत पूर्वी नांगराने शेती होत असे, तिथे अंगमेहनतीच्या बळावर शेत पुरुषांकडे गेले आणि स्त्रिया घरकामात अडकल्या, असे डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये सुचवले होते. २०१३ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी हे तपासले, तेव्हा अशा समाजांच्या वंशजांमध्ये, अगदी परदेशात वाढलेल्या स्थलांतरितांच्या मुलांमध्येही, स्त्री-पुरुष समानतेविषयीची मते अधिक संकुचित आढळली. नांगर सुटला, पण मन त्याच तासातून चालत राहिले.

याहून अधिक बोलके प्रयोग पुरुषत्वाच्या डळमळीतपणाविषयीचे आहेत. मानसशास्त्रज्ञ जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन यांच्या मते स्त्रीत्व आपोआप मिळते असे समाज मानतो, पुरुषत्व मात्र कमवावे लागते आणि ते केव्हाही हिरावले जाऊ शकते. एका प्रयोगात काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला लावली, तर इतरांना दोर विणायला. हातांची हालचाल जवळपास तीच; परंतु वेणी घालणाऱ्यांनी त्यानंतर गादीवर अधिक जोराने ठोसे मारले. गेलेले जणू परत मिळवायचे होते.

आता हीच भीती बाजारात आणून पाहा. एरन ब्रो, जेम्स विल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत दुकानातून कापडी पिशवी घेऊन निघालेली व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, प्लास्टिकची पिशवी घेणाऱ्यापेक्षा अधिक ‘बायकी’ वाटली, आणि हे मत पुरुषांचेच नव्हे तर स्त्रियांचेही होते. दुसऱ्या एका प्रयोगात काही पुरुषांचे पुरुषत्व डिवचण्यासाठी त्यांच्यापुढे गुलाबी फुलांची नक्षी असलेले भेटकार्ड ठेवले. मग दिवा, पाठपिशवी, बॅटरी यांसारख्या वस्तू निवडताना त्यांनी पर्यावरणपूरक पर्याय टाळण्याकडे अधिक कल दाखवला. म्हणजे त्या वस्तूंमध्ये दोष नव्हता. दोष होता ‘जपणे’ हे बायकांचे काम मानणाऱ्या नजरेत. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचा गाभा इथेच आहे. काळजी घेण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले त्यांनाच समाजाने कमी लेखले, तेव्हा काळजीचीही किंमत उतरली.

याचा परिणाम खर्चाच्या हिशेबातही दिसतो. स्वीडनमधील २०२१ च्या एका अभ्यासात एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा खर्च तशाच स्त्रियांपेक्षा सुमारे २ टक्केच जास्त होता, पण त्या खर्चातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १६ टक्के जास्त होते. यात मोठा वाटा मोटारीच्या इंधनाचा होता.

यावरून स्त्रिया स्वभावतःच निसर्गाच्या अधिक जवळ असतात, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. १९७४ मध्ये फ्रेंच स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज दोबोन यांनी पर्यावरणीय स्त्रीवादाची, म्हणजे स्त्रियांचे दमन आणि निसर्गाचे शोषण यांना एकत्र जोडून पाहणारी, कल्पना मांडल्यापासून हा वाद चालू आहे. स्त्री म्हणजे निसर्ग हे समीकरण कौतुकाने मांडले, तरी ते जुन्या उतरंडीचेच राहते आणि निसर्ग सावरण्याचा भार पुन्हा स्त्रियांच्याच डोक्यावर येतो.

म्हणूनच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंडोनेशिया, पेरू आणि तांझानिया येथील ३१ गावांतल्या ४४० जंगल वापरणाऱ्यांना गटांत विभागून झाडे तोडायची की राखायची, असा निर्णयाचा खेळ दिला गेला आणि निम्म्या गटांत स्त्रियांसाठी अर्ध्या जागा राखून ठेवल्या. झाडे राखल्याबद्दल मोबदला मिळू लागला, तेव्हा याच गटांनी अधिक झाडे राखली आणि मिळालेले पैसे आपसांत अधिक समान वाटून घेतले.