१२३४५६७८९८७६५४३२१ आणि देवळालीचे कापरेकर

नवापर्यंत चढत जायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं, असा हा सतरा अंकी आकडा: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. १, १२१, १२३२१ अशा या घराण्याला ‘डेमलो’ हे नाव नाशिकजवळ देवळालीत राहणाऱ्या एका शाळामास्तरांनी दिलं. नाशिकच्या मुलांना हे शाळेतच समजायला हवं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाली. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ त्यांनी मास्तरकी केली आणि आयुष्यभर संख्यांचा नाद जपला. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनवर ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. देवळालीचंही नाव त्यांनी एका जातीच्या संख्यांना दिलं. १५ मध्ये त्याचेच अंक मिळवले तर २१ येतात. २० मात्र अशा रीतीने कुठल्याच संख्येतून येत नाही. म्हणून २० ही देवळाली संख्या.

आता आपला आकडा. गुणाकार कागदावर मांडून पाहा: नऊ एकांची ओळ, खाली तीच एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन करत मधोमध नऊ एक जमतात, आणि कुठेच हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं विस्कटतं.

अवयव पाडले तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे वर्गात ३चा चौथा घात येतो, आणि ३७ व ३३३६६७ यांचे वर्ग. एकूण विभाजक ४५. या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने या संख्येला नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं होतं. म्हणजे त्यांच्या दोन कल्पना या एका आकड्यात एकत्र येतात. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हा मान फक्त तिघांना मिळतो: १, १२३२१ आणि हा. कारण क एकांच्या वर्गातल्या अंकांची बेरीज क × क भरते. तिने भाग जायचा तर मुळात क एकांच्या संख्येला क ने भाग जावा लागतो. १११ला ३ने जातो, ११११ला ४ने जात नाही.

अंकांचे असे गुण दहाच्या पायावर, म्हणजे एकं-दहं-शतं अशा मांडणीवर, अवलंबून असतात, म्हणून पुष्कळ गणितज्ञ त्यांना करमणूक समजत. मला ते पटत नाही; वरचा क-चा नियम ही सिद्धताच आहे. कापरेकरांना जगभर ओळख मिळाली ती १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर. तोवर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.