स्वतःचे पार्किंग नसताना इलेक्ट्रिक कारसाठी चार्जिंगची जोडणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

महाराष्ट्रातील शहरांत इलेक्ट्रिक कार घेऊ पाहणाऱ्या अनेक कुटुंबांकडे गाडी उभी करण्याची हक्काची जागा नसते. सोसायटीच्या आवारात मिळेल तिथे, नाहीतर इमारतीबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावावी लागते. अशा कुटुंबाला विजेची जोडणी मिळवणे तितकेसे अवघड नाही. खरी अडचण जागेची असते. म्हणून वीज कंपनीकडे जाण्याआधी जागेचा प्रश्न लेखी स्वरूपात सोडवून घ्यावा.

केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाला इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. सदनिकेचा मालक, मालकाची संमती असलेला भाडेकरू किंवा खुद्द गृहनिर्माण संस्था यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. मात्र मीटर आणि चार्जर जिथे बसणार ती जागा वापरण्याचा अधिकार अर्जदाराला दाखवावा लागतो, आणि पार्किंग नसलेल्या सभासदाचा अर्ज नेमका इथेच अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले की, स्टिल्टखालचे (खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाचे) किंवा मोकळ्या जागेतले पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे आणि तिचे वाटप संस्थेने करायचे असते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर अनेक संस्थांत चिठ्ठ्या टाकून ठरावीक मुदतीसाठी वाटप होते. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ज्याच्या वाट्याला पार्किंग आलेले नाही, तोही सामाईक जागेचा वाटेकरी आहे, त्यामुळे “तुम्हाला पार्किंग नाही, म्हणून चार्जिंगही नाही” हे समितीचे उत्तर पुरेसे नाही. दुसरे असे की, जिथे जागा बदलत राहतात तिथे एका सभासदाच्या खर्चाने एका खांबावर बसवलेला चार्जर पुढच्या वाटपात दुसऱ्याच्या गाडीसमोर येतो. अशा संस्थेत वैयक्तिक जोडणीचा आग्रह धरण्यापेक्षा पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये किंवा प्रवेशद्वाराजवळ संस्थेच्या नावाने सामाईक चार्जर बसवणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

एक चार्जर सगळ्यांना कसा पुरणार, अशी शंका सर्वसाधारण सभेत हमखास निघते. तिचे उत्तर हिशेबानेच द्यावे. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर धावते, म्हणजे रोज ३५ किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दिवसाला सुमारे पाच युनिट लागतात. ७.२ किलोवॅटचा चार्जर एवढी वीज पाऊण तासात देतो. २४ युनिट क्षमतेची बॅटरी त्यावर चारेक तासांत भरते, आणि गाडी चार दिवसांतून एकदाच लावावी लागते. रात्री दोन गाड्यांची पाळी लावली, तरी सातआठ कुटुंबांची सोय होते. साध्या १५ अँपियरच्या प्लगवर, म्हणजे सुमारे ३.३ किलोवॅटने, हीच बॅटरी भरायला आठनऊ तास लागतात, त्यामुळे सामाईक वापरासाठी तो प्लग पुरा पडत नाही.

वैयक्तिक जोडणी हवी असल्यास संस्थेच्या सचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जाला गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची किंवा बुकिंगच्या पावतीची प्रत, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) किंवा इंडेक्स-२ (सदनिकेच्या खरेदी नोंदणीचा उतारा), चार्जरचे तांत्रिक माहितीपत्रक आणि सर्व खर्च स्वतः करण्याचे हमीपत्र जोडावे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने काढलेला केबलच्या मार्गाचा साधा नकाशाही सोबत द्यावा. केबल मीटर खोलीतून कोणत्या भिंतीने, किती उंचीवरून जाणार हे कागदावर दिसले की समितीच्या बहुतेक हरकती तिथेच मिटतात. सामाईक चार्जरसाठी निधी संस्थेचा लागणार असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा. जागा, खर्चाची वाटणी, प्रति युनिट आकारणी आणि पाळीचे नियम त्याच ठरावात असावेत.

यानंतर वीज कंपनीकडे नव्या जोडणीचा अर्ज करावा. महावितरणचा अर्ज संकेतस्थळावरून किंवा मोबाइल ॲपवरून भरता येतो. मुंबईच्या बहुतेक भागांत मात्र आपल्या भागाप्रमाणे बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरकडे जावे लागते. ओळखीचा पुरावा, जागेच्या ताब्याचा पुरावा, संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र किंवा ठरावाची प्रत आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल ही मुख्य कागदपत्रे आहेत. भाडेकरूने नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचे संमतिपत्र जोडावे. अर्ज पूर्ण असल्यास महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यावी, असे २०२४ची दुरुस्ती सांगते.

स्वतंत्र मीटर घ्यावा की घरच्या मीटरवरूनच केबल आणावी, हा निर्णय दर पाहून करावा. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केल्यास त्या जागेचाच दर लागू होतो, म्हणजे घरच्या मीटरवर घरगुती दर लागतो. पण महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घरात गाडीच्या दीडशे युनिटांची भर पडली, तर ३००च्या वरचे युनिट पुढच्या, महाग टप्प्यात जातात. स्वतंत्र चार्जिंग जोडणीला हे टप्पे लागू होत नाहीत. घरच्याच मीटरवरून वीज घ्यायची असेल, तर मंजूर भार, म्हणजे कंपनीने त्या मीटरसाठी मान्य केलेली विजेची कमाल मर्यादा, वाढवून घेणे विसरू नये.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड करू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार उभी केलेली गाडी चार्जिंग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत असावी लागते, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा लागतो, ३० मिलिअँपियरला वीज तोडणारे गळती संरक्षण लागते आणि एक्स्टेन्शन वापरण्यास मनाई आहे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेली वायर पहिल्या पावसातच जीवघेणी ठरू शकते, आणि तिच्यामुळे एखादा अपघात झाला, तर पुढची कित्येक वर्षे ती संस्था कोणालाच परवानगी देणार नाही.

समितीने नकार दिल्यास कारण लेखी मागावे आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी. वीज कंपनीकडून विलंब होत असेल, तर आधी कंपनीच्या अंतर्गत कक्षाकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.

वाडा, चाळ किंवा गावठाणातील घर असेल आणि गाडी रस्त्यावरच उभी राहणार असेल, तर फुटपाथ ओलांडून घरची केबल नेण्याचा विचार सोडून द्यावा. अशा घराला सार्वजनिक चार्जिंगवरच भिस्त ठेवावी लागते. तिथे विजेच्या दरावर चार्जिंग केंद्र चालवणाऱ्याचा सेवा आकार आणि १८ टक्के जीएसटी पडत असल्याने घरच्या तुलनेत खर्च बराच वाढतो. नोकरीच्या ठिकाणी चार्जर असेल, तर हे गणित पुष्कळ सुधारते, म्हणून गाडीचे बुकिंग करण्यापूर्वी कार्यालयाच्या प्रशासन विभागाकडे त्याबाबत लेखी विचारणा करावी.