गोकाकची गिरणी आणि पाण्याकाठच्या जुन्या कारखान्यांचे दुसरे आयुष्य

पाण्याकाठी उभारलेल्या जुन्या कारखान्यांत घरे आणि कार्यालये थाटण्याची पद्धत जगभर रुळली आहे. हे कारखाने मुळात पाण्यालगत का बांधले गेले, याचे उत्तर बेळगाव जिल्ह्यातच सापडते. चंदगडकडून येणारी घटप्रभा हिडकलचे धरण ओलांडून गोकाकजवळ सुमारे 52 मीटर उंचीच्या कड्यावरून खाली झेपावते. या पाण्याच्या जोरावर सूत कातायचे म्हणून 1885 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 1887 मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे वीज दूरवरून तारांनी येऊ लागली, तेव्हा कारखान्याने नदीलाच चिकटून राहण्याची सक्ती संपली.

लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राचेही तसेच झाले. थेम्समधून बोटींनी कोळसा यायचा, यंत्रे थंड करायला नदीचे पाणी लागायचे. 1983 मध्ये ते बंद पडले. पुढच्या काळात एकामागून एक योजना फसल्या आणि मधल्या एका योजनेत छप्परच काढून टाकले गेल्यामुळे आतले सांगाडे पावसात गंजत राहिले. 2012 मध्ये मलेशियातील कंपन्यांच्या समूहाने ते विकत घेतले, चारही धुराडी पाडून जुन्याच आकारात पुन्हा बांधली आणि 2022 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले; आज तेथे दुकाने, घरे आणि ॲपलची कार्यालये आहेत. इमारत संरक्षित वारसा असल्यामुळेच ती मोडून मोकळे होण्याची वाट कोणाला मिळाली नाही, हे येथे महत्त्वाचे.

मुंबईत मात्र उलटे घडले, आणि त्याचे चटके आपल्या भागानेही सोसले आहेत. 1982 च्या संपानंतर गिरण्या डबघाईला आल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमानुसार मोकळी जमीन आणि बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन, अशा दोन्हींची महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटणी व्हायची होती. 2001 च्या दुरुस्तीने वाटणीत फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणजे जुने खाते, अर्थात गिरणीतील एखाद्या विभागाची इमारत पाडली, तर ती जागा वाटणीबाहेर. मग ते जपावे कोणी आणि कशासाठी? गिरणी कामगारांच्या घरांसाठीची जमीनही त्यामुळे घटली. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातून गिरणीत गेलेल्या माणसांचे वारस आजही म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून आहेत.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यानंतर ते म्हैसूर राज्यात गेले, त्यामुळे मुंबईचा तो नियम इकडे लागू नाही. तरीही त्यातली मेख सीमाभागातल्या कोणत्याही जुन्या कारखान्याबाबत लक्षात ठेवावी लागेल: नियम जमीन मोजतो की उभी इमारत, यावर पुढचे सगळे ठरते. बांधकामाची अडचण वेगळीच असते. सूत कातण्याचे त्रासन खाते लांब-रुंद, मध्यभागी उजेड कमी. खिडक्या कडेच्या भिंतींना. घरासाठी तेथे आत चौक कापावा लागतो, तर कार्यालयाला आतली तीच सलग मोकळी जागा सोयीची पडते. शिवाय घटप्रभेच्या काठाला ऑगस्ट 2019 च्या पुराचा अनुभव आहे. त्या वेळी गोकाक शहरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले होते, म्हणून काठावरच्या इमारतीत तळमजल्यावर राहती घरे ठेवायची की वाहनतळ, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्या पानावरच घ्यावा लागेल.