मुलांच्या नाटक-चित्रकलेच्या संस्थेला देणगी दिलीत? मग ८०जीची वजावट का अडते ते वाचा

दरवर्षी जून-जुलैत तीच तक्रार घेऊन माणसं येतात. वस्तीतल्या मुलांचं नाटक बसवणाऱ्या किंवा चित्रांचं शिबिर घेणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेला पाच-दहा हजार दिलेले असतात, पावती जपून ठेवलेली असते, तरी प्राप्तिकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली देणगीवर मिळणारी वजावट नामंजूर होते. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, तशी कामं लोकांच्या अशाच छोट्या रकमांवर चालतात. एकदा हात पोळलेला दाता पुढच्या वर्षी देत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. इथले कलम आणि फॉर्म क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांचे आहेत. त्यानंतरच्या देणग्यांना प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात क्रमांक बदलतात.

सवलत किती मिळते ते आधी बघू. अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते. १०,००० दिले तर ५,००० वजा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १,०४० रुपये कर वाचतो. देणगीची रक्कमही समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे ढोबळपणे, इतर वजावटी वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते.

सर्वात जास्त लोक अडकतात ते करपद्धतीत. नव्या करपद्धतीत ८०जी मिळतच नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून काही न निवडल्यास तीच लागू होते. जुनी पद्धत हवी असेल तर ती निवडून विवरणपत्र मूळ मुदतीतच भरावं लागतं. ‘डिसेंबरपर्यंत भरता येतं’ हे खरं आहे, पण उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत निवडता येत नाही. म्हणजे दंड भरून विवरणपत्र दाखल होतं आणि वजावट मात्र जाते. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुनी पद्धत निवडल्याचं कळवणारा फॉर्म १०-आयईएसुद्धा मुदतीत लागतो. आणि केवळ ८०जीसाठी जुनी पद्धत घेऊ नका. दोन्हीचा हिशोब मांडून बघा, बऱ्याच जणांना नवीच स्वस्त पडते.

दुसरी अडचण कागदाची. संस्थेची छापील पावती पुरेशी नाही, फॉर्म १०बीई लागतो. संस्था वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरते, त्यातून हे प्रमाणपत्र तयार होतं, आणि ते तुम्हाला देण्याची मुदतही ३१ मेच आहे. त्यामुळे मार्चमध्ये खजिनदाराच्या मागे लागून उपयोग नाही, आणि जूनमध्ये गप्प बसूनही नाही. १०बीईवरचा एआरएन क्रमांक विवरणपत्राच्या ८०जी तक्त्यात संस्थेच्या पॅनसह भरावा लागतो. संस्थेला उशीर झाला तर तिला दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. दोन खोल्यांत मुलांच्या तालमी घेणाऱ्या संस्थेला आणि शंभर कोटींच्या न्यासाला हा दर एकच आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. असे खजिनदार बहुधा निवृत्त शिक्षक असतात, रात्री घरी बसून पोर्टलशी झगडतात. त्यांची मदत करायची तर देणगी देतानाच पॅन, पॅनवरचं नाव आणि पत्ता लिहून द्या. पैसे बायकोच्या खात्यातून गेले आणि पॅन नवऱ्याचा दिला, की गोंधळ सुरू. प्रमाणपत्रात चूक असेल तर संस्था दुरुस्तीचं विवरण भरू शकते, तेव्हा हात टेकू नका.

‘नोंदणीकृत संस्था’ या शब्दांवर विसंबू नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, १२ए वेगळं, ८०जी वेगळं. १२एमुळे संस्थेच्या उत्पन्नावरचा कर वाचतो, दात्याला काही मिळत नाही. ८०जीचा आदेश मागा आणि त्यावरची वैधतेची वर्षं वाचा. नव्या संस्थेला तात्पुरती मान्यता तीन वर्षांसाठी मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मान्यता संपण्याच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा १०एबी फॉर्म भरून ती नियमित करून घ्यावी लागते. ‘तीन वर्षं आहेत ना’ म्हणत काम सुरू असलेल्या कितीतरी संस्थांनी ही तारीख चुकवली आहे. विश्वस्त ओळखीचे असतील तर आजच विचारा.

रोख दोन हजारांपर्यंतच चालते. २,५०० रोख दिले तर वरचे ५०० नव्हे, सगळेच बाद. रंगपेट्या, पेटी-तबला, नाटकाचे कपडे यांवर वजावट नाही, मुलांना त्यांचा उपयोग कितीही होवो. सवलत हवी असेल तर पैसे खात्यात द्या आणि खरेदी संस्थेला करू द्या. मदतीच्या प्रयोगाचं तिकीट ही देणगी नव्हे.

परदेशातल्या मंडळींना कळकळीची विनंती. भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा झाला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असूनही आणि रुपयांत दिली तरीही ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी नसेल तर ती घेणं हा कायदेभंग आहे, आणि त्यात विश्वस्त सापडतात. नोंदणी असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावाकडच्या संस्थेच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवण्याआधी एक फोन करून एवढं विचारून घ्या.