महासाथीतील बालक व किशोरांचे मानसिक आरोग्य

साथीचा आजार, त्याला आवर घालणारे निर्बंध आणि त्यातून घरावर आलेले आर्थिक संकट यांचा १८ वर्षांखालील मुलांच्या मनावर व वागण्यावर झालेला परिणाम. या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते कोविड-१९ मुळे. या आजाराने मोठ्यांच्या मानाने मुलांना कमी ग्रासले. त्यांचे हाल झाले ते मुख्यतः शाळा, मैदान आणि मित्रमंडळी एकाएकी तुटल्यामुळे.

लहान मुलांत आईबापांना चिकटून राहणे, हट्ट, अंथरूण ओले करणे अशा तक्रारी दिसल्या. किशोरांत झोपेची वेळ उलटीपालटी होणे, एकलकोंडेपणा, तासन्‌तास मोबाइल. ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकाने २०२१ मध्ये २९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले. त्यात सुमारे २५ टक्के मुलांत नैराश्याची, तर २० टक्क्यांत चिंतेची ठळक लक्षणे आढळली. लक्षणे म्हणजे निदान नव्हे, हे चर्चेत सहज विसरले जाते. शिवाय सरासरीत घराघरांतला फरक बुजतो. शाळेत छळ सोसणाऱ्या किंवा शाळेची धास्ती असलेल्या काही मुलांना टाळेबंदीत उलट हायसे वाटले. ज्यांच्या घरातच मारहाण होती त्यांना मात्र बाहेर पडायची सोय उरली नाही: २० ते ३१ मार्च २०२० या काळात ‘चाइल्डलाइन १०९८’ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर अत्याचार व हिंसेपासून संरक्षण मागणारे ९२ हजारांवर दूरध्वनी आले.

ऑनलाइन शाळेने विषमता आणखी उघडी पाडली. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरील अहवालाच्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत सुमारे ६८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांच्या हाती तो पडत नव्हता.

महाराष्ट्रातील दहावीच्या मुलांना अनिश्चितता फार जवळून भोगावी लागली. २०२० मध्ये भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. पुढच्या वर्षी परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. अकरावीसाठी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) जाहीर झाली. तीही मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरवली. अभ्यास कशाचा करायचा, हेच महिनोन्‌महिने ठरत नव्हते.

केंद्राने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ हा समुपदेशन उपक्रम सुरू केला. दोन्ही पालक कोविडने गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव जाहीर केली. मात्र मदत मागण्याचा संकोच जुनाच आहे. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात, मानसिक त्रासात इतरांचा आधार घेणे चांगले असे १५ ते २४ वयोगटातील अवघ्या ४१ टक्के भारतीयांनी सांगितले. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती.