नऊ तासांत स्पिटफायर: टीव्हीवरच्या शिकवणीमागची गोष्ट

2004 साली ब्रिटनच्या चॅनेल फोरवर 'स्पिटफायर एस' ही चार भागांची मालिका दाखवली गेली. चार तरुण वैमानिक त्यात एकमेकांशी स्पर्धा करत होते आणि बक्षीस होतं स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान चालवायला शिकण्याची संधी. अट मात्र 1940 सालची. त्या उन्हाळ्यात एखाद्या नवख्या वैमानिकाला लढाईत उतरण्याआधी स्पिटफायरवर जेवढा सराव मिळायचा तेवढाच विजेत्याला मिळणार होता, म्हणजे साधारण नऊ तास. 2010 मध्ये, ब्रिटनच्या लढाईला (1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेली झुंज) 70 वर्षं झाली तेव्हा, बीबीसीने याच धर्तीचा एक कार्यक्रम केला. अभिनेता ईवन मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ कॉलिन त्यात होते. कॉलिन हवाई दलात टॉर्नेडो हे जेट चालवलेला मुरलेला वैमानिक, तरी त्यालाही पुन्हा पहिलीत बसावं लागलं.

नऊ तास! आपण गाडी शिकायलाही याहून जास्त वेळ देतो. मग 19-20 वर्षांची मुलं एवढ्या शिदोरीवर जर्मन हवाई दलासमोर गेली कशी? या प्रश्नाचं उत्तर बरंच मागे, पहिल्या महायुद्धात जाऊन शोधावं लागतं.

1917 पर्यंत ब्रिटनमध्ये विमान शिकवण्याची धड पद्धतच नव्हती. शिकवणाऱ्याला स्वतःला नीट येत नसे. विमान गिरकी घ्यायला लागलं तर ते सावरायचं कसं हे सांगण्यापेक्षा 'त्या वाटेलाच जाऊ नकोस' असं सांगितलं जाई. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्टच्या शाळेत हे उलटं केलं. दोघांच्याही हातात नियंत्रण असलेलं ॲव्हरो 504 हे विमान घेतलं आणि शिष्याला मुद्दाम अडचणीत नेऊन बाहेर पडायला शिकवलं. इंजिनाच्या आवाजात गुरूचं बोलणं शिष्याच्या कानापर्यंत पोचावं म्हणून रबरी नळी वापरली. ती नळी पुढे 'गॉस्पोर्ट ट्यूब' म्हणूनच ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो मुलांनी टायगर मॉथमध्ये शिक्षकाच्या शिव्या याच नळीतून ऐकल्या.

टायगर मॉथ ही शिडीची पहिली पायरी. लाकूड, कापड, दोन पंखांच्या जोड्या आणि 130 अश्वशक्तीचं इंजिन. त्याच्या वर हार्वर्ड, सुमारे 600 अश्वशक्तीचं, चाकं आत घेता येणारं, धातूचं. आणि मग एकदम स्पिटफायर, हजाराहून अधिक अश्वशक्तीचं मर्लिन इंजिन. 'नऊ तास' म्हणजे या शेवटच्या पायरीचा हिशेब. त्याआधीच्या पायऱ्यांवर मुलं शंभराच्या वर तास घालवून आलेली असत. हे ध्यानात घेतलं नाही तर तो आकडा नुसती दंतकथा वाटतो.

पण शेवटची पायरी खरोखर अपुरी होती, यात शंका नाही. 1940 च्या उन्हाळ्यात फायटर कमांडकडे, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाकडे, विमानांपेक्षा वैमानिकांची चणचण जास्त होती. लढाऊ विमानाची ओळख करून देणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांचा महिन्याभराचा अभ्यासक्रम दोन आठवड्यांवर आला. हॉर्डन आणि ॲस्टन डाउन इथून बाहेर पडलेल्या मुलांना विमान उडवता येई, उतरवता येई, जमलं तर दुसऱ्याच्या मागे रांगेत राहता येई. शत्रूवर नेम धरून गोळी झाडण्याचा सराव बहुतेकांना नावापुरताच मिळालेला असे. 10 जुलै ते 31 ऑक्टोबर या काळात ब्रिटनच्या बाजूने जवळपास तीन हजार जण लढले आणि त्यातले 544 गेले. पहिल्या काही उड्डाणांत टिकला तो पुढेही टिकण्याची शक्यता वाढे, असं त्या पिढीतले कित्येक वैमानिक सांगत.

आता एक गोष्ट, जी टीव्हीवर पाहताना सहज निसटते. युद्धकाळात हवाई दलाकडे दोन आसनी स्पिटफायर नव्हतंच. शिक्षक मागे बसलाय, चुकलं तर तो सावरून घेईल, ही सोय नाही. स्पिटफायरमधलं पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं. जमिनीवर उभ्या विमानात बसून डोळ्यांवर पट्टी बांधायची, प्रत्येक कळ हाताने चाचपून सांगायची, पुस्तिका पाठ करायची. मग पंखावर उभा असलेला अधिकारी खांद्यावर थाप मारून खाली उतरे आणि पुढचं सगळं त्या मुलाचं.

त्या कॉकपिटमध्ये बसल्यावर पहिली अडचण म्हणजे समोर काहीच दिसत नाही. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मी स्पिटफायरसमोर बराच वेळ उभा होतो. शेपटीवर टेकलेलं विमान नाक वर करून बसलेलं असतं आणि ते नाक भलतंच लांब आहे. म्हणून धावपट्टीकडे जाताना नागमोडी जायचं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून डोकावत. हे सावकाश करायचं म्हणावं तर तेही शक्य नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरचा रेडिएटर उजव्या पंखाखाली, आणि खाली उतरलेल्या चाकाचा पाय नेमका त्याच्यासमोर. हवा अडते, पाणी तापतं, काटा चढत जातो. रेंगाळलात तर उड्डाणाआधीच इंजिन उकळणार.

थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवण्याचा दांडा) पुढे केला की विमान डावीकडे वळू पाहतं, ते पायाने धरून ठेवावं लागतं. (युद्धाच्या उत्तरार्धात आलेलं ग्रिफन इंजिन उलट दिशेने फिरायचं, त्यामुळे ती स्पिटफायरं उजवीकडे ओढत. जुन्या सवयीचा पाय तिथे घात करी.) जमीन सुटली की खरी गंमत. चाकं आत घेण्याचा हातपंप उजव्या बाजूला. म्हणजे डावा हात थ्रॉटलवरून काढून विमान वळवण्याच्या दांडीवर आणायचा, उजवा दांडीवरून काढून पंपावर न्यायचा आणि पंप मारायचा. स्पिटफायरची दांडी इतकी हलकी की उजवा हात पंप मारताना डावाही नकळत हलतो आणि विमान उड्या मारत वर चढतं. तळावरचे लोक ते पाहूनच ओळखत की आज कुणाचं तरी पहिलं उड्डाण आहे. पुढे पंप गेला, इंजिनाच्या जोरावर चाकं आत जाऊ लागली, पण त्याची कळ उजवीकडेच राहिली. हात बदलण्याची ती क्षणभराची कसरत कॉलिन मॅकग्रेगरलाही करावी लागली आणि आज शिकणाऱ्यालाही करावी लागते.

एकट्याने पहिलं उड्डाण करणाऱ्यांमध्ये बायकाही होत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी ही संस्था कारखान्यांतून तळांवर विमानं पोचवायची. तिच्यात दीडशेहून अधिक महिला वैमानिक होत्या आणि 1943 पासून त्यांना पुरुषांइतका पगार मिळू लागला. कधीच न चालवलेल्या जातीचं विमान समोर आलं तर खिशातल्या छोट्या कार्डांच्या वहीत त्याचं पान काढायचं, वाचायचं आणि निघायचं. नऊ तास सोडाच, नऊ मिनिटंही कुणी शिकवायला नसे.

दोन आसनी स्पिटफायर आलं ते युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये. ब्रिटिश हवाई दलाने ते घेतलं नाही. परदेशांनी घेतलं, आणि त्यात सर्वांत मोठं गिऱ्हाईक होता नुकताच स्वतंत्र झालेला भारत. त्या जातीची 10 विमानं भारताने घेतली, आयर्लंडने 6, नेदरलँड्सने 3, इजिप्तने एक. म्हणजे टीव्हीवर आज जी सोय आपण पाहतो, मागे शिक्षक आणि पुढे शिष्य, ती आपल्या हवाई दलातल्या मुलांनी 1950 च्या आगेमागेच अनुभवली होती.

आयर्लंडच्या सहांपैकी एकाची गोष्ट वेगळी काढून सांगण्यासारखी आहे. त्याचा क्रमांक एमएल 407. 1944 मध्ये ते एक आसनी लढाऊ विमान म्हणून बाहेर पडलं आणि न्यूझीलंडच्या 485 स्क्वॉड्रनमध्ये जॉनी हॉल्टन ते चालवत. 6 जूनला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्या दिवशी, तिथल्या आकाशात पाडलेल्या पहिल्या जर्मन विमानाचं श्रेय हॉल्टन यांना दिलं जातं. पुढे त्याला दुसरं आसन बसवून आयर्लंडला पाठवलं. निवृत्तीनंतर ते इंग्लंडच्या निक ग्रेस यांच्या हाती आलं. त्यांनी वर्षानुवर्षं खपून 1985 मध्ये ते पुन्हा उडवलं. 1988 मध्ये मोटार अपघातात निक गेले. मागे राहिलेल्या पत्नी कॅरोलिन यांनी विमान विकलं नाही, त्या ते चालवायला शिकल्या आणि 1990 मध्ये एकट्याने घेऊन वर गेल्या. पुढे तीसेक वर्षं ते विमान आणि त्यांचं नाव एकत्रच घेतलं जाई. 2022 मध्ये त्या गेल्या.

अशी माणसं नसती तर मालिका करायला विमानच उरलं नसतं. वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनली होती, पण युद्ध संपताच ती भंगारात जाऊ लागली. 1957 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बिगिन हिलला काही जुनी विमानं वेगळी ठेवली. आज कॉनिंग्सबीला असलेल्या ब्रिटनच्या लढाईच्या स्मृतिपथकाची ती सुरुवात. 1968 मध्ये या लढाईवरच्या मोठ्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं तेव्हा ठिकठिकाणाहून गोळा करून डझनभर स्पिटफायर उडती करावी लागली. संग्राहकांचं लक्ष या विमानांकडे वळलं ते तेव्हापासून.

या शोधात भारत फार महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे हवाई दलाच्या तळांवर आणि प्रशिक्षण संस्थांच्या आवारात स्पिटफायरचे सांगाडे पडून होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यातले कित्येक परदेशी संग्राहकांनी विकत नेले. बंगळूरच्या जलहळ्ळीच्या तांत्रिक महाविद्यालयातलं एमव्ही 293 त्यातलंच, ते पुढे इंग्लंडमध्ये डक्सफर्डला उडू लागलं. ती गेली म्हणून मला वाईट वाटतं, आणि उडतायत म्हणून बरंही वाटतं.

मराठी माणसाचा या विमानाशी एक जुना धागा आहे तो बडोद्याचा. गायकवाडांच्या संस्थानाने युद्धासाठी दिलेल्या पैशातून ब्रिटिश हवाई दलाच्या 124 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 'बडोदा' हे नाव मिळालं. 1941 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं तेच स्पिटफायरवर. भारतीय वैमानिकांच्या हाती हे विमान आलं 1944 मध्ये, आपल्या 8 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून. शिडी तीच होती: बेगमपेठ किंवा जोधपूरला टायगर मॉथ, अंबाल्याला हार्वर्ड, मग लढाऊ विमान. 1947 मध्ये काश्मीरमध्ये टोळीवाले शिरले तेव्हा श्रीनगरच्या धावपट्टीवरून सुरुवातीलाच उडालेल्या विमानांत स्पिटफायर होती.

आज ब्रिटनच्या स्मृतिपथकात येणारे वैमानिक बहुतेक टायफून हे अत्याधुनिक जेट चालवणारे असतात. त्यांनाही आधी चिपमंक या साध्या, शेपटीवर चाक असलेल्या विमानावर बसवतात, मग हरिकेन या स्पिटफायरच्याच काळातल्या लढाऊ विमानावर, आणि त्यानंतरच स्पिटफायर हाती देतात. जेटमध्ये संगणक सांभाळून घेतो. इथे पाय, हात, कान आणि तापमानाचा काटा. मे 2024 मध्ये याच पथकाचं एक स्पिटफायर कॉनिंग्सबीजवळ उड्डाण करताच कोसळलं आणि त्यातला वैमानिक मरण पावला. तोही टायफूनवरचा अनुभवी माणूस होता.

इंग्लंडच्या दक्षिणेला गुडवुड इथे आता स्पिटफायर शिकवणारी शाळा चालते, दोन आसनी विमानावर. युद्धात हाच तळ वेस्टहॅम्प्नेट नावाने ओळखला जाई. 9 ऑगस्ट 1941 रोजी प्रसिद्ध लढाऊ वैमानिक डग्लस बेडर इथूनच उडाले आणि फ्रान्समध्ये पकडले गेले. त्या तळावर आज कुणी नवखा वैमानिक स्पिटफायर जमिनीवरून उचलतो, डावा हात दांडीवर आणतो, उजवा चाकांच्या कळीकडे नेतो, आणि विमानाचं नाक किंचित खालीवर होतं.