पार्श्वभूमी : वेटरांनी चालवायला घेतलेले कॉफी हाउस

इंडियन कॉफी हाउसमध्ये तुरेदार फेट्यातला वेटर कप आणून ठेवतो. तो नोकर असतो आणि संस्थेचा सभासद म्हणून मालकही. हे असे का, याचे उत्तर १९५७ सालात आहे. पण सुरुवात त्याआधीची.

जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि मळेवाल्यांचा माल उठेना. १९३५ मध्ये सरकारने कॉफीवर उपकराचा कायदा केला. त्या पैशातून देशातच कॉफीचा खप वाढवायचा, हा त्यामागचा विचार. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले. म्हणजे ही साखळी मुळात हॉटेलधंदा म्हणून निघालीच नव्हती, ती कॉफीची जाहिरात होती. १९४०च्या दशकात देशभरात अशी पन्नासेक कॉफी हाउस झाली. स्वस्त कप आणि तासन्‌तास बसायची मुभा, यामुळे विद्यार्थी, पत्रकार, पुढारी तिथे ठाण मांडू लागले.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर ही कॉफी हाउस चालवणाऱ्या सरकारी कॉफी बोर्डाचे धोरण बदलले आणि कॉफी हाउस बंद होऊ लागली. सरकारी कागदावर हा एक निर्णय. टेबले पुसणाऱ्यांच्या घरी मात्र पगार बंद. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सांगितले, ही तुम्हीच चालवायला घ्या. बंगळुरूत १९ ऑगस्ट १९५७ रोजी कामगारांची पहिली सहकारी संस्था उभी राहिली आणि २७ ऑक्टोबरला दिल्लीत त्यांचे पहिले कॉफी हाउस सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्रिशूरलाही. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउस बंद झाले, तर प्राध्यापकच ते पुन्हा उघडा म्हणून मागे लागले. गिऱ्हाइकाने असा हट्ट धरल्याची उदाहरणे थोडीच.

पुढची वाटही सरळ नव्हती. दिल्लीत कॅनॉट प्लेसचे कॉफी हाउस आणीबाणीत पाडले गेले. बंगळुरूच्या एम. जी. रोडवरची जुनी जागा २००९ मध्ये सोडावी लागली. कॉफी हाउस चर्च स्ट्रीटला गेले. केरळात मात्र चांगला जम बसला. तिथे त्रिशूर आणि कण्णूर अशा दोन संस्था शाखा चालवतात, आणि तिरुवनंतपुरमला स्टेशनजवळ वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी बांधलेले गोल, वर चढत जाणारे कॉफी हाउस आहे. टेबले त्या चढावरच मांडलेली. वेटर ट्रे घेऊन दिवसभर चढउतार करतात.